एंट्री झकास, मॅच भकास

नमस्कार मंडळी! आज रेसलिंग. डब्ल्यूडब्ल्यूई लहानपणी सगळ्यांनीच पाहिलंय, त्यामुळे खरं की खोटं यात मी शिरत नाही. बोलायचंय ते सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या पैलवानांबद्दल. यांचं काय होतं? एंट्री झकास, मॅच भकास.

बटिस्टा घ्या, 2014 च्या जानेवारीत परतला, लगेच रॉयल रंबल ही तीस पैलवानांची मोठी मॅच जिंकला आणि पब्लिकनं हुर्यो उडवली, कारण त्यांना त्यांचा लाडका पैलवान डॅनियल ब्रायन हवा होता. शॉन मायकल्स 2010 ला रिटायर, 2018 ला रियाधमध्ये एका मॅचपुरता उतरला तर पार्टनर ट्रिपल एचच्या छातीचा स्नायूच फाटला. असो.

मला सांगायचाय तो अल्टिमेट वॉरियर. यानं 1990 ला टोरंटोत हल्क होगनला सरळ सरळ हरवलेलं, फॅन लोक म्हणतात तेच होगनच्या डोक्यात होतं. 1998 च्या ऑगस्टमध्ये वॉरियर डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी रेसलिंग कंपनीत आला, पब्लिक वेडं झालं, आणि मग नाटकं सुरू. होगनला आरशात वॉरियर दिसतो, घरी बसलेल्या आपल्यालाही दिसतो, फक्त शेजारी उभ्या कंपनीच्या बॉसला, एरिक बिशॉफला, दिसत नाही! धुरातून प्रकट व्हायला रिंगमध्ये चोरदरवाजा केला, त्यावर भलताच पैलवान, डेव्ही बॉय स्मिथ, आपटला आणि पाठीला जबर दुखापत करून बसला.

25 ऑक्टोबर, लास वेगास, हॅलोवीन हॅवॉक नावाचा शो. आठ वर्षांनी पुन्हा होगन-वॉरियर. प्लॅन असा की होगननं भुर्रकन पेटणारा कागद पेटवून वॉरियरच्या तोंडावर जाळ फेकायचा. होगननं पिशवीतून कागद काढला, लायटर काढला... पेटेना. पुन्हा खटपट, पेटेना, वॉरियर आपला समोर ताटकळतोय, आणि शेवटी भडका उडाला तो होगनच्याच तोंडाजवळ! मग होगनच्या पुतण्यानं, होरेसनं, वॉरियरला खुर्ची हाणली, होगन जिंकला, सुटलो एकदाचे. एंट्री झकास, मॅच भकास.

पण थांबा, त्या रात्रीचा हा पैसे भरून घरी बघायचा शो लांबला आणि शेवटची गोल्डबर्ग-डायमंड डॅलस पेजची मॅच चालू असतानाच कित्येक घरांत प्रक्षेपण बंद! कंपनीला ती मॅच दुसऱ्या दिवशी टीव्हीवर फुकट दाखवावी लागली, म्हणजे पैसे भरले त्यांनी न पेटणारा कागद बघितला आणि चांगली मॅच बघितली फुकट्यांनी.