जेवणाच्या सुट्टीतलं गणित

(दृश्य : बडोदं, सयाजीगंज. विद्यापीठाचा घुमट, फाटकातून शिरणाऱ्या स्कूटर.)

निवेदन :
सकाळची भाषणं संपलीत. सुरत, आणंद, भरूच, थेट इंदूरहून आलेली मुलं सेवउसळीच्या रांगेत उभी आहेत. कॉम्बिनेटोरिक्स म्हणजे मांडण्या आणि जोडण्यांचं गणित. त्याच्या विभागीय परिषदेत कॅमेरा लावायचाच, तर तो इथे लावावा. व्यासपीठावर झालेलं काम सांगतात. पुढचं काम कोण कोणाबरोबर करणार, ते या रांगेत ठरतं.

(दृश्य : रिकामा वर्ग, फळा. फळ्यावर दोन आलेख, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा; रेषेने जोडलेले बिंदू ते शेजारी. दांडिया बाजारातली एक संशोधक विद्यार्थिनी आणि तिचे सर.)

“सर, दोन्ही आलेखांत १६ बिंदू, ४८ रेषा. प्रत्येक बिंदूला ६ शेजारी, कुठल्याही दोन बिंदूंना २ सामाईक शेजारी. मग वेगळे कसे?”

“अगं, एका बिंदूचे सहा शेजारी घे. त्यांच्या आपसातल्या रेषा बघ.”

निवेदन :
एका आलेखात त्या सहांचे दोन सुटे त्रिकोण होतात, दुसऱ्यात एक षट्कोन. षट्कोनवाला आलेख शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांच्या नावाने ओळखला जातो. जन्म १९१७, सागर. पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक.

त्यांची मोठी कीर्ती मात्र थोर गणिती ऑयलरला खोटं ठरवण्याची. लॅटिन चौरस म्हणजे प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच येणारी चौकट. असे दोन चौरस एकावर एक ठेवून चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच आली, की ते परस्पर लंबकोनी. ६, १०, १४, १८, २२ अशा, ४ ने भागून २ उरणाऱ्या आकारांच्या चौरसांची अशी जोडी अशक्य, असा ऑयलरचा १७८२ चा तर्क होता. गणिती पार्कर यांनी २१ × २१ च्या चौरसांवर एक नवी रचना केली. त्या वाटेने गणिती बोस आणि श्रीखंडे २२ च्या जोडीपर्यंत पोचले आणि तर्क तिथेच कोसळला. मग पार्कर यांनी १० ची जोडी रचली आणि शेवटी तिघांनी मिळून ऑयलरच्या यादीतलं ६ च्या पुढचं सगळं मैदान मारलं. एप्रिल १९५९ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. एकाचं अर्धं काम दुसऱ्याच्या कानावर वेळेत गेलं, हे या गोष्टीत मला प्रतिभेइतकंच महत्त्वाचं वाटतं.

(दृश्य : परिषदेचं वेळापत्रक, पंधरा-पंधरा मिनिटांची भाषणं.)

निवेदन :
हे कानावर जाणं नशिबावर सोडू नये, म्हणून परिषदा. ब्रिटनमधली १९६९ साली ऑक्सफर्डला सुरू झाली, अमेरिकेच्या आग्नेय भागातली १९७० साली लुईझियानात. दोन्ही अजून भरतात.

कॉम्बिनेटोरिक्सला प्रयोगशाळा लागत नाही. प्रश्न दोन मिनिटांत सांगून होतो, अडकायला मात्र वर्षं पुरतात. आणि कॉलेजात या विषयाचा बहुधा एकच जण असतो. आजूबाजूला सगळे डिफरन्शियल इक्वेशनवाले! त्याला परदेशचं विमान नको, सकाळच्या गाडीने येऊन रात्री घरी परतता येईल असं गाव हवं. बडोद्याला मुंबईची गाडी थांबते, दिल्लीचीही.

(दृश्य : समारोपाआधीची बैठक.)

“पुढच्या वर्षी जानेवारीत घेऊ या का?”

“घ्या, पण उत्तरायण सोडून. चौदा-पंधराला सगळं बडोदं गच्चीवर असतं. ऐकायला कोण येणार?”