बारावीनंतर थेट कामाला लागताय? पगाराआधी हे विचारा

(मायक्रोमीटर कॅमेऱ्याजवळ धरून)

हे बघा. हे मायक्रोमीटर. मिलिमीटरचा शंभरावा भाग यावर मोजता येतो. डोक्यावरचा एक केस यात धरलात तर साधारण सहा-सात रेघा भरतात. मी बारावीनंतर कॉलेजची पायरी चढलो नाही. आज माझं घर चालतं ते या रेघा वाचता येतात म्हणून.

अठराव्या वर्षी मी भोसरी एमआयडीसीत ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून लागलो. मशीनखालच्या चिप्स, म्हणजे धातूचा कीस, काढायच्या, जॉब, म्हणजे मशीनवर बनलेले भाग, पुसून क्रेटमध्ये लावायचे. ओव्हरटाइम धरून बरे पैसे यायचे, मी खूश. दीड वर्षाने ऑर्डरी कमी झाल्या आणि मला थांबवलं. दुसऱ्या कंपनीच्या गेटवर विचारलं, "काय येतं?" मला काही सांगताच येईना. दीड वर्ष सीएनसीशेजारी, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनशेजारी, उभा होतो, पण मशीनला हात लावलेला नव्हता.

म्हणून कामाला लागताना पगाराच्याही आधी विचारा, "मला कुठल्या मशीनवर उभं करणार? माप कधीपासून घ्यायला देणार?"

असं का म्हणतो, सांगतो. ऑपरेटर जॉब लावतो, बटण दाबतो, जॉब काढतो. सेटर मशीन लावून देतो आणि माप सांभाळतो, त्याचं काम वेगळं. समजा ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर आहे. त्यापेक्षा ०.०२ कमी चालेल, जास्त अजिबात नाही. सकाळी जॉब २४.९९ येतोय. काम चालू राहतं तशी इन्सर्टची, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या तुकड्याची, धार झिजते, टूल किंचित कमी कापतं आणि व्यास वाढत जातो. २५.०१ झाला की जॉब रिजेक्ट. चांगला सेटर तिथवर जाऊच देत नाही. माप २५.०० ला टेकलं की तो ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या मापाच्या दुरुस्तीत, उणे ०.०१ टाकतो. या एका सवयीमुळे अख्ख्या पाळीचा माल वाचतो.

हे शिकायला डिग्री नाही, शेजारी शिकवणारा माणूस लागतो. मला रात्रपाळीचे एक काका भेटले. चहाला जाताना मायक्रोमीटर माझ्याकडे द्यायचे आणि परत आले की माझी मापं स्वतः तपासायचे. मी फार आवळायचो, त्यामुळे माप कमी यायचं. "टिकटिक आवाज आला की थांबायचं, पोरा." त्यांचं तेवढं वाक्य अजून कानात आहे.

आता कागदाचं. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली आयटीआय न केलेल्यांनाही फ्रेशर अप्रेंटिस म्हणून घेतात. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन दहावीला महिना ६,००० आणि बारावीला ७,००० रुपये ठरलं. हेल्परला यापेक्षा जास्त मिळू शकतात, हे मला माहीत आहे. घरी पैशांची निकड असेल तर हा निर्णय जड जातो. तरीही जमत असेल तर हाच रस्ता धरा, कारण शेवटी परीक्षा होऊन सर्टिफिकेट हातात पडतं. त्याच कंपनीत नोकरी मिळेलच असं मात्र नाही. आणि नुसतं "ट्रेनी" म्हणून घेत असतील, तर सरकारी पोर्टलवर तुमचा करार नोंदवलाय का, ते बघा. लावून देण्याचे कुणी पैसे मागितले तर तिथून निघा.

पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते, ग्रामीण डाक सेवकाला दहावी. फॉर्म जरूर भरा. पण जाहिरातीची वाट बघत घरी बसू नका, मैदानी चाचणीचा सराव कामाआधी पहाटेही होतो.

(वही दाखवून)

ही माझी वही. तारीख, जॉब, आलेलं माप, दिलेला ऑफसेट. तेलाचे डाग आहेत, असू देत. सेटरच्या इंटरव्ह्यूला मी मार्कशीटच्या आधी हीच टेबलावर ठेवली. साहेबांनी पानं चाळली, एक ड्रॉइंग पुढे केलं आणि म्हणाले, "चला, मशीनवर जाऊ."