नाकातून येणारं रक्त आणि नानांची पेटी

पुणेकर श्रोतेहो, नमस्कार. आज एका दुर्मीळ रक्तकर्करोगाबद्दल बोलायचं आहे. नाव लांबलचक आहे, वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया. आपण नुसतं वाल्डेनस्ट्रॉम म्हणू. स्वीडनमधले डॉक्टर यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी 1944 साली दोन रुग्णांवरून तो जगापुढे मांडला. अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, बिघडलेल्या पेशी आयजीएम नावाचं प्रथिन बेसुमार तयार करतात आणि रक्त दाट होतं. एवढं ध्यानात ठेवा, रक्त दाट होतं.

आमच्या इमारतीत, सदाशिव पेठेत, नाना राहतात. पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्या नाकातून सारखं रक्त यायचं. काकू कांदा हुंगायला द्यायच्या, डोक्यावर गार पाणी घालायच्या. सगळे म्हणायचे, उष्णता झाली. मग सब्जा झाला, गुलकंद झाला. पुढे नानांना धूसर दिसायला लागलं. चष्म्याचा नंबर बदलला, पुन्हा बदलला. रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवणारा माणूस, त्यानं पेपरच बाजूला ठेवला. इथं मला सांगायलाच हवं, दुकानात मशीनवर नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नव्हे! पन्नाशीनंतर डोळ्यांचे डॉक्टर सांगतील तेव्हा डोळ्यांत औषध घालून पडदा तपासून घ्यावा, माणूस कितीही ठणठणीत असो.

तर नानांना शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पडदा पाहिला. शिरा फुगलेल्या, मध्येमध्ये आवळलेल्या, मण्यांच्या माळेसारख्या. म्हणाले, "नाना, हे चष्म्याचं काम नाही. आजच्या आज रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा." आयजीएम भलतंच वाढलेलं निघालं, हा वाल्डेनस्ट्रॉमच होता. दाट रक्तामुळेच नाकातून रक्त यायचं आणि धूसर दिसायचं. नानांचं रक्त यंत्रातून फिरवून त्यातला दाट प्लाझ्मा काढून टाकला. आजार त्यानं जात नाही, औषधं नंतर घ्यावीच लागली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी शेजारच्या खाटेवरचा पेपर मागून घेतला आणि शब्दकोडं सोडवायला बसले. काकूंना तिथंच रडू कोसळलं.

पुढे नानांचा अमृतमहोत्सव आला. पत्रिकेत छापलं, 'आहेर आणू नये. रक्तकर्करोगाच्या संशोधनासाठी पेटी ठेवली आहे.' एक आत्या म्हणाल्या, "अरे, हा आजार होतो तरी किती जणांना?" नाना म्हणाले, "मोजक्यांना होतो ना आत्या, म्हणूनच. आमच्यासाठी दुसरं कोण पेटी ठेवणार?"

मला नानांचं म्हणणं सोळा आणे पटतं. अमेरिकेत वर्षाला दहा लाखांमागे साधारण तिघांना हा आजार होतो. तिथं 1994 साली आर्नल्ड स्मोकलर या निवृत्त फार्मासिस्टनी, स्वतः रुग्ण असताना, रुग्णांना एकत्र आणणारी संस्था उभी केली. आज ती संशोधनालाही पैसा पुरवते. 2012 मध्ये 30 रुग्णांच्या पेशींची जनुकं वाचून झाली आणि कळलं, नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णांत एमवायडी88 या जनुकात एकच बदल असतो. या बदलामुळे पेशींना मिळणारा वाढीचा इशारा अडवणाऱ्या इब्रुटिनिब या गोळीला 2015 मध्ये अमेरिकेत खास या आजारासाठी मान्यता मिळाली. विचार करा, फक्त 30 रुग्ण! दुर्मीळ आजारात एकेका माणसाच्या नमुन्याला एवढं मोल असतं. म्हणून अस्थिमज्जेच्या तपासणीच्या वेळी उरलेला नमुना संशोधनासाठी मागितला, तर संमतीपत्र मराठीत समजावून घ्या आणि मनाला पटलं की जरूर द्या.

घरात असा रुग्ण असेल, तर दर तपासणीचं आयजीएम आणि हिमोग्लोबिन एका वहीत तारखेसह लिहा. मोबाइलवर आलेले रिपोर्ट ऐन वेळी सापडत नाहीत. लक्षणं नसतील तर डॉक्टर काही काळ औषध न देता नुसतं लक्ष ठेवतात. तो हलगर्जीपणा नसतो, घाबरू नका. उपचारांसाठी मुंबईला परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात जावं लागलं, तर रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत देते. त्याचा दाखला हॉस्पिटलातून घ्या.

आणि पुन्हा एकदा सांगतो. नाकातून वारंवार रक्त, धूसर नजर, न जाणारा थकवा, हे तिन्ही एकत्र दिसलं तर गुलकंदावर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासून घ्या. नमस्कार.