केळी उघड्या गाडीत भरताना

मंडळी, रावेर, सावदा, यावलच्या लोकांना केळी कशी पिकवायची हे सांगायला मी आलेलो नाही, 2016 ला जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते काय उगाच नाही. मला बोलायचंय घड कापल्यानंतरचं, म्हणजे गाडीतलं.

कापलेला घड जिवंत असतो भो. तो श्वास घेतो, आणि त्यातून स्वतःच गरम होतो, वरून इथिलीन गॅस सोडतो, फळ पिकवतो तो. आता मे महिन्यात आपल्याकडं पारा 44-45 ला, भर दुपारी घड कापला, तासभर बांधावर उन्हात ठेवला, मग गाडीत कोंबला न वरून ताडपत्री टाइट आवळली, तर मधल्या थरातली गरमी जाणार कुठं? दिल्लीला आझादपूरच्या मंडईत गाडी उघडली की मधला माल पिवळा अन् कडेचा हिरवा. मग व्यापाऱ्याला भाव पाडायला कारण शोधावं लागत नाही.

आता कुणी म्हणेल रीफर, म्हणजे आतून थंड ठेवणारी बंद गाडी, करा. एक्सपोर्टचा बॉक्स असेल तर करायलाच लागतो, 13-14 डिग्री सांभाळायची तर दुसरा इलाज नाही. पण देशातल्या मालाला ते भाडं परवडत नाही, म्हणून बहुतेक माल उघड्या गाडीतच जाणार, आणि माझ्या मते उघडी गाडी काय वाईट नाही, वाईट असते ती भराई. लांबचा माल पाऊणपक्का असतानाच कापा, कंगोरे थोडे दिसले पाहिजेत, पहाटे कापा, सावलीत ठेवा, चीक गळून जाऊ द्या. गाडीच्या तळाला न बाजूच्या फळ्यांना वाळलेला पाला भरपूर लावा, इथं कंजुषी नको. हिरव्या फळाला घासलेलं त्या दिवशी दिसत नाही, पिवळं झालं की काळा डाग होऊन वर येतो, आणि तोवर माल दुकानात पोचलेला असतो. घड झेलून लावणारा मजूर दोन पैसे जास्त मागतो म्हणून आपण फेकणारा घेतो, ही कसली बचत म्हणायची.

हिवाळ्यात सगळं उलट. ग्वाल्हेर-आग्र्याकडं रात्री थंडी कडक, 13 डिग्रीच्या खाली फळ फार वेळ राहिलं की साल राखाडी पडते, मग पिकवणीच्या खोलीत कितीही इथिलीन सोडा, तो चमकदार पिवळा रंग येत नाही. लोक करपा रोग समजून बागेत फवारणी करत बसतात, नुकसान झालेलं असतं वाटेत! तिकडं रात्री ताडपत्री ओढायची, दिवसा उन्ह चढलं की मागून-पुढून थोडी सोडायची. हे ड्रायव्हरला समजावून सांगा, नुसतं लवकर पोचव म्हणू नका, धुक्यात तो पोचवणार तरी कसा. ढाब्यावर थांबायचं तर उन्हाळ्यात सावली बघूनच.

मागून कुणीतरी वॅगनचं विचारलं. रावेर-सावद्याहून केळी रेल्वेनंही जाते, लांबच्या मोठ्या मालाला ते ठीकच आहे, पण शेतातून ट्रकनं स्टेशन, तिथं वॅगनमध्ये, पुढं परत ट्रकमध्ये, म्हणजे घड किती वेळा उचलला जातो ते तुम्हीच मोजा न मग ठरवा.