दुसरी खेप

श्रोतेहो, नमस्कार.

आज १५ सप्टेंबर, अभियंता दिन. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा हा जन्मदिवस. त्यांचं नाव घेतलं की आपल्याला म्हैसूर आठवतं, कृष्णराजसागर धरण आठवतं. पण पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकून १८८४ साली नोकरीला लागलेल्या या तरुण अभियंत्याच्या हाती अगदी सुरुवातीला जी कामं आली, त्यातलं एक आपल्या खानदेशातलं होतं. धुळे जिल्ह्यात दातर्ती गावाजवळ पांझरा नदीच्या एका प्रवाहावर पाइप सायफन बांधायचा होता. सायफन म्हणजे पाटाचं पाणी बंद नळातून प्रवाहाच्या तळाखालून पलीकडे न्यायचं. पाणी शिरतं ते तोंड थोडं उंचावर, निघतं ते थोडं खाली. एवढ्या फरकावर पाणी आपोआप खाली उतरतं आणि पलीकडे वर येतं. मोटर लागत नाही, इंजिन लागत नाही.

मी जळगावात इंजिनिअरिंगच्या मुलांना यंत्ररचना शिकवतो. दरवर्षी आजच्या दिवशी वर्गात ही गोष्ट सांगतो आणि लगेच विचारतो, पांझरा कोणी कोणी पाहिली आहे? धुळ्याकडची चार-पाच मुलं हात वर करतात. मग विचारतो, पांझरेवरची फड पद्धत कोणाला माहीत आहे? वर्ग गप्प होतो.

श्रोतेहो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरची जमीन पांझरेच्या काठी आहे, त्यांना हे मी सांगायला नको. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटातून चाऱ्या, आणि उरलेलं पाणी पुन्हा नदीत सोडायला सांडवा. शेकडो वर्षांची ही रचना. पण मला भुरळ पडते ती दगडांपेक्षा वाटणीची. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फेरपालट करायची. शेतकऱ्यांनीच नेमलेला पाटकरी दारं धरणार आणि पाणी कमी पडलं तर कोणता फड पडीक ठेवायचा हे सगळे मिळून ठरवणार. पिकाला किती पाणी लागतं, चारीतून ते किती वेळात पोचतं आणि भावकीत भांडण कशावरून होतं, या तिन्हींचा हिशेब करून बसवलेली ही व्यवस्था आहे. डिझाइन म्हणतात ते हेच. आणि ते शिकायला अहमदाबादला किंवा मुंबईला जाण्याआधी साक्रीच्या एस.टी.त बसावं, असं माझं मनापासून मत आहे.

आपलं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झालं. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. केळीच्या बागांपासून धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांपर्यंत एवढा मोठा प्रदेश. महाविद्यालयांनी गावात जावं यासाठी योजनाही आहेत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. तिचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर आपल्यापैकी अनेकांनी केलं असेल, गावच्या शाळेत सतरंजीवर झोपून. उन्नत भारत अभियानात सहभागी संस्थेनं पाच गावं निवडून तिथं काम करायचं असतं. विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी आविष्कार स्पर्धा आहे, देशपातळीवर हॅकेथॉन आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रकार्याला श्रेयांकही मिळू लागले आहेत. तेव्हा जायला वाट नाही, असं कोणी म्हणू नये.

अडतं ते परत जाण्याशी. आपण एकदा जातो. फॉर्म भरून घेतो, फोटो काढतो, सरपंचांच्या हस्ते श्रीफळ घेतो आणि येतो. मग वर्कशॉपमध्ये काहीतरी बनतं, प्रदर्शनात मांडलं जातं, प्रमाणपत्र मिळतं. ती वस्तू पुढं प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात धूळ खात पडते. ज्याच्यासाठी बनवली त्यानं ती पाहिलेलीही नसते. मी स्वतः कितीतरी वर्षं हेच केलं आणि त्यावर गुणही दिले. हे बदललं ते एका ढकलगाडीमुळे. तीच हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे.

शेवटच्या वर्षाची पाच मुलं, त्यात दोन मुली. केळी कापणीच्या वेळी मजूर वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन बागेतून रस्त्यापर्यंत आणतात. खांदा सोलवटतो, चिकानं कपडे काळे पडतात. मुलांनी ते पाहिलं आणि घड वाहायला लोखंडी ढकलगाडी केली. चार छोटी रबरी चाकं, वर घड टांगायला आकडे, खाली स्पंज. वर्कशॉपच्या फरशीवर एका बोटानं ढकलली तरी पळायची. प्रदर्शनात पहिलं बक्षीस आलं. त्यानंतर, म्हणजे बक्षिसानंतर, आम्ही ती चोपडा तालुक्यातल्या एका बागेत नेली.

काळी जमीन, ठिबकनं ओली झालेली. गाडीवर चार घड टांगले आणि दहा पावलांत चाकं रुतली. ओढून काढली तर चाकाला चिखलाचा एवढा लपेटा की ते फिरेनाच. मोकळी करून पुढं नेली तर ठिबकच्या नळीवर चढली. शेतकरी दादा काही बोलले नाहीत, नुसते खाली बसून नळी चाचपत राहिले. मग टोळीतल्या एका मावशींनी गाडीला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "तुमनी गाडी चांगली शे भाऊ, पन मना हात तठे पुरत नही." मूठ छातीच्या वर येत होती. पाच फूट नऊ इंचांच्या मुलानं ती स्वतःच्या मापानं बसवली होती. मावशींची उंची कोणी मोजलीच नव्हती.

मुलं खट्टू झाली. गाडी परत आणायला टेम्पोचं भाडं परवडेना, म्हणून ती तिथंच ठेवली.

तीन महिन्यांनी मी त्यांना म्हटलं, चला, गाडीचं काय झालं ते पाहून येऊ. परीक्षा जवळ आली होती, तिघंच आले. गाडी गोठ्यापाशी उभी होती, वर कडब्याच्या पेंढ्या. खाली आमची चाकं नव्हती. मोटरसायकलची दोन जुनी चाकं बसवली होती आणि मूठ कापून, खाली आणून पुन्हा वेल्डिंग केली होती. गावातल्या वेल्डरनं दोनशे रुपयांत हे करून दिलं होतं. आमच्यासोबत आलेल्या मुलीनं दप्तरातून टेप काढला आणि चाकाचा व्यास, मुठीची उंची, दोन चाकांमधलं अंतर, सगळं वहीत उतरवलं. मग आम्ही त्या वेल्डरकडे गेलो. मोठी चाकं का घातली, असं विचारल्यावर तो म्हणाला, "लहान चाक खड्ड्यात पडतं, मोठं चाक खड्ड्यावरून जातं." चाकाचा व्यास आणि ओढण्याला लागणारं बळ यावरचं गणित मी फळ्यावर दोन तास शिकवतो. त्या दिवशी ते मुलांना उभ्या उभ्या कळलं.

तिसरी गाडी त्यांनी एकाच मोठ्या चाकाची केली. चाक मध्यभागी, दोन्ही बाजूंना दोन-दोन घड. दोन ओळींमधल्या ज्या पट्ट्यात नळी नसते तिथून ती जाते. मूठ खालीवर करता येते. नटबोल्ट मुद्दाम असे निवडले, की गावातल्या गॅरेजमध्ये मिळावेत. सुकलेल्या जमिनीत ती चालते, मी स्वतः ढकलून पाहिली आहे.

त्या वर्षापासून मी माझ्या मुलांच्या प्रकल्पाचे निम्मे गुण दुसऱ्या खेपेसाठी ठेवले. वस्तू गावात ठेवायची, दोन-तीन महिन्यांनी परत जायचं आणि लोकांनी तिचं काय केलं ते लिहून आणायचं. मोडली असेल तर कुठं मोडली. वापरतच नसतील तर का नाही. कोणी त्यात बदल केला असेल तर त्या माणसाचं नाव अहवालात पहिल्या पानावर. शहरात तयार प्रकल्प विकत मिळतात हे तुम्हालाही ठाऊक असेल, पण दुसरी खेप विकत मिळत नाही. प्रवासखर्चाची अडचण मात्र खरी आहे. घरून डबा आणून शिकणाऱ्या मुलाला दोनदा चोपड्याचं भाडं जड जातं. महाविद्यालयांनी स्नेहसंमेलनाच्या मंडपातला थोडा खर्च इकडे वळवावा, ही माझी विनंती आहे.

आणि बोली. नंदुरबारच्या पाड्यावर जाणाऱ्या गटात पावरी बोलणारं एक तरी पोर हवं, धुळ्याकडे अहिराणी बोलणारं. छापील प्रश्नांना लोक छापील उत्तरं देतात. त्या मावशी माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आमच्यातला अमळनेरचा मुलगा "कसं काय शे माय?" म्हणाला, तेव्हा त्यांनी गाडीला हात लावला.

दिवाळीनंतर आमची नवी तुकडी त्याच बागेत जाणार आहे. गेल्या खेपेला मावशींनी एका चाकाची गाडी बांधापर्यंत नेली, परत आणली, उभी केली. पदरानं घाम पुसला आणि मुलांकडे पाहून विचारलं, "आनि पावसायामा?"

मुलांनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला आहे. नमस्कार.