चासी तीच, संसार अनेक: हायलक्सची गोष्ट

[दृश्य: बंदर. जहाजातून एकामागून एक गाड्या उतरताहेत.]

कॅलिफोर्नियातलं लाँग बीच बंदर. सत्तरच्या दशकाची सुरुवात. जपानहून आलेल्या जहाजातून टोयोटा कंपनीचे हायलक्स पिकअप ट्रक उतरताहेत. पुढे बॉनेट, दिवे, केबिन, सगळं जागच्या जागी. केबिनच्या मागे मात्र काहीच नाही. हौदा नाही, फाळका नाही. नुसती उघडी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, मागच्या चाकांकडे गेलेला शाफ्ट आणि दोन्ही बाजूंचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा.

इतक्या लांब अर्धवट गाड्या कशासाठी धाडल्या? कोंबड्यांमुळे.

झालं असं की १९६०च्या सुमाराला अमेरिकेतली स्वस्त कोंबडी पश्चिम युरोपात धडाधड खपू लागली आणि तिथले शेतकरी हवालदिल झाले. १९६२ साली युरोपच्या सामाईक बाजारपेठेनं त्या कोंबडीवर जबर कर बसवला. वाटाघाटी फिसकटल्या. डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी परतफेड केली: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के आयात कर. नेम होता जर्मनीहून येणाऱ्या फोक्सवॅगनच्या गाड्यांवर. सापडले जपानी ट्रकही.

पण नियमात एक फट होती. हौदा नसलेली गाडी, म्हणजे नुसती केबिन आणि चासी, पूर्ण ट्रक धरली जात नव्हती. तिच्यावर कर होता ४ टक्के. मग काय, गाडी जपानची आणि हौदा अमेरिकेचा! १९७२ पासून लाँग बीचमध्येच टोयोटासाठी हौदे बनू लागले. उत्तर अमेरिकेत टोयोटानं स्वतः काही बनवायला सुरुवात केली ती या हौद्यापासून. १९८० साली ही फट बुजवली गेली, तोवर गाडीनं तिथे पाय रोवले होते.

हा किस्सा सगळ्यांत आधी सांगितला, कारण पुढच्या सगळ्या पिढ्यांची किल्ली त्यात आहे.

[दृश्य: जॅकवर उचललेली जुनी हायलक्स. कॅमेरा गाडीखाली.]

आपल्या नेहमीच्या मोटारीत कवच आणि सांगाडा एकच असतो. छत, दारांच्या चौकटी, तळ, सगळे मिळून भार पेलतात. हायलक्सची रचना वेगळी आहे. खाली शिडीसारखी पोलादी चासी: दोन लांब दांडे आणि त्यांना सांधणारे आडवे दांडे. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, पाटे, सगळ्यांचा आधार तीच. वर केबिन वेगळी, हौदा वेगळा, दोन्ही बोल्टनं आवळलेले.

आता जरा जवळून बघा. केबिनची मागची भिंत आणि हौद्याची पुढची भिंत, यांच्यामध्ये बोटं जातील एवढी मोकळी जागा दिसतेय. ती मुद्दाम सोडलेली आहे. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असलं की चासी पिळते, केबिन एकीकडे कलते आणि हौदा दुसरीकडे. दोघांनी एकमेकांवर घासू नये म्हणून ही फट. गाडी जुनी झाली की तिथे चिखल साचतो, गवताच्या काड्या अडकतात. मला हायलक्सची ओळख या फटीतच दिसते, पुढच्या जाळीपेक्षा जास्त.

[दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. हामुरा कारखाना.]

मार्च १९६८. पहिली हायलक्स बाजारात आली. नाव टोयोटाचं, पण गाडी घडवली ती हिनोनं. हिनो म्हणजे अवजड ट्रक आणि बस बनवणारी कंपनी. १९६६ मध्ये दोघांचा करार झाला, हिनोनं मोटारी बनवणं सोडलं, आणि टोकियोजवळच्या हामुरा इथल्या कारखान्यात ही पिकअप उभी राहिली. दीड लिटरचं इंजिन, ७७ अश्वशक्ती, लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास, टनभर माल वाहायची तयारी. ‘हाय’ आणि ‘लक्झरी’ जोडून नाव ठेवलं हायलक्स. टनभर माल ओढणाऱ्या गाडीला ऐषारामाचं नाव! पण त्यात खोटं काही नव्हतं. पुढच्या चाकांना मोटारीसारख्या कॉइल स्प्रिंगा होत्या, आणि पाटे होते फक्त मागे. चालवणाऱ्याची कंबर सांभाळायची आणि मालही पोचवायचा, हा बेत पहिल्या दिवसापासून होता.

१९७२ ते १९७८, दुसरी पिढी. केबिन ऐसपैस झाली, इंजिनं मोठी झाली. अमेरिकेत तर हायलक्स हे नावच गळून पडलं, तिथे ती नुसती ‘टोयोटा ट्रक’ झाली. या पिढीवर यापेक्षा जास्त रेंगाळत नाही, कारण खरी उडी पुढची आहे.

१९७८ ला तिसरी पिढी आली आणि १९७९ मध्ये तिला फोर व्हील ड्राइव्ह मिळाला. पुढे एकसंध अ‍ॅक्सल, पुढेही पाटे. बसणाऱ्याला हादरे बसायचे, पण दगडधोंड्यांतून ही गाडी अशी चढायची की मोठमोठ्या जीपगाड्यांनी बघत राहावं. डिझेल इंजिनही याच पिढीत आलं. मग शेतकरी, खाणवाले, सर्वेक्षणवाले, सगळ्यांनी तिला आपलं केलं.

आणि अमेरिकेत चासीवर घरं चढू लागली! हौद्याच्या जागी फायबरची खोली: झोपायला गाद्या, कोपऱ्यात शेगडी. ही घरं पुढे इतकी जड होत गेली की मागच्या अ‍ॅक्सलला ती झेपेनात. १९८१ मध्ये विनेबॅगो कंपनीनं फोर व्हील हायलक्सवर मागून बंद असलेलं कवच बसवलं आणि ‘ट्रेकर’ नावानं विकलं. ते बघून १९८४ मध्ये टोयोटानं तसलीच गाडी स्वतः काढली. जपानात हायलक्स सर्फ, अमेरिकेत फोर रनर.

[दृश्य: वाळवंट. धुळीचा लोट.]

१९८३ पासूनची चौथी पिढी. याच काळात हौद्यावर असंही काही चढलं, जे बनवणाऱ्यांच्या मनातसुद्धा नसेल. १९८७ च्या जानेवारीत उत्तर चाडमधल्या फादा इथे आणि मार्चमध्ये वादी दूम इथे चाडच्या सैन्यानं लिबियाच्या रणगाड्यांचा धुव्वा उडवला. चाडचे सैनिक लढत होते टोयोटाच्या पिकअपवरून, लँड क्रूझर आणि हायलक्स. हौद्यात मिलान ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं. त्या युद्धाला जगानं नावच दिलं, टोयोटा युद्ध. तेव्हापासून आजवर कुठल्याही यादवीच्या बातमीत या गाड्या दिसतात आणि दर वेळी मला वाईट वाटतं. ज्या हौद्यात बियाणं, औषधं, शाळेची बाकं जायची, त्याच हौद्यात बंदुका. चासी माल पाहत नाही.

चौथ्याच पिढीची आणखी एक गाडी. १९८८ ची, डिझेलवरची, तीनेक लाख किलोमीटर पळालेली. २००३ मध्ये ब्रिटिश टीव्हीवरच्या एका मोटार कार्यक्रमानं तिचा छळ मांडला. समुद्राच्या भरतीत तिला बांधून ठेवलं; दोर तुटले, गाडी वाहून वाळूत रुतली. तिच्यावर उंचावरून जुनं कॅरव्हॅन टाकलं, इमारती पाडायच्या लोखंडी गोळ्यानं ठोकली, आग लावली. शेवटी ७३ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवर ठेवून ती इमारतच सुरुंगानं पाडली. मेकॅनिकला अट एकच: हातात पाने-पकडी, पण काच सोडून नवा सुटा भाग घ्यायचा नाही. गाडी दर वेळी सुरू झाली.

लोक याला चमत्कार म्हणतात. मला त्यामागची कारणं जास्त आवडतात. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे पाणी जाऊन ठिणगी बंद पडण्याचा प्रश्नच नाही. संगणक नाही, सेन्सर नाहीत. पंप यांत्रिक. पाणी काढा, हवा काढा, डिझेल पोचवा, झालं. आणि केबिन चेपली, हौदा फाटला, तरी चालणारे सगळे भाग धरून ठेवणारी चासी वेगळी.

१९८८ मध्ये पाचवी पिढी आली. आता एक योगायोग बघा. ज्या फोक्सवॅगनवर तो कोंबडीचा कर नेम धरून मारला होता, तिनेच १९८९ पासून जर्मनीत हानोव्हरला हायलक्स बांधायला घेतली, स्वतःचा बिल्ला लावून, टॅरो नावानं.

१९९५ मध्ये अमेरिकेची वाट वेगळी झाली. तिथे हायलक्सच्या जागी टॅकोमा नावाची टोयोटाचीच पिकअप आली. आणि इथेच चासीचा दुबळेपणाही उघडा पडला. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्या टॅकोमांच्या चासीला गंजापासून पुरेसं संरक्षण नव्हतं. २००८ मध्ये कंपनीनं १९९५ ते २००० च्या गाड्यांसाठी योजना जाहीर केली आणि वाईट अवस्थेतल्या गाड्या चक्क परत विकत घेतल्या. केबिन चकचकीत, इंजिन ठणठणीत, पण चासी गेली म्हणजे गाडी गेली.

सहावी पिढी १९९७ ची. तिचं केंद्र थायलंडकडे सरकू लागलं होतं, आणि सातव्या पिढीत ते उघड झालं.

[दृश्य: नकाशा. थायलंड, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना, इंडोनेशिया, भारत.]

ऑगस्ट २००४, थायलंड. टोयोटानं एका चासीभोवती कुटुंबच उभं केलं: पिकअप हायलक्स, एसयूव्ही फॉर्च्युनर आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन निघणारी इनोव्हा. होय, तीच इनोव्हा, जी २००५ मध्ये क्वालिसच्या जागी भारतात आली. १४० हून अधिक देशांसाठी गाड्या, आणि सगळा कारभार जपानबाहेर. डिझेल इंजिनं थायलंडची, पेट्रोल इंजिनं इंडोनेशियाची, आणि मॅन्युअल गिअरबॉक्स फिलिपिन्स आणि भारताचे. बंगळुरूजवळ बिडदीला हे गिअरबॉक्स २००४ पासून बनताहेत. म्हणजे इथल्या कामगारांचे हात या चासीला लागले, आणि पूर्ण हायलक्स भारतात विकायला आली ती थेट २०२२ मध्ये, किंमत ३३ लाख ९९ हजारांपासून पुढे. खुद्द जपानातून ती २००४ ला गायब झाली होती. २०१७ मध्ये परतली ती थायलंडहून आयात होऊन.

आठवी पिढी मे २०१५ ची. लांबी आता सव्वापाच मीटरच्या वर. पहिल्या हायलक्सच्या शेजारी उभी केली तर आजी आणि नातू वाटावेत. दाकार रॅली हायलक्सनं २०१९ मध्ये जिंकली, पुढेही जिंकली. पण त्या शर्यतीच्या गाडीत पाइपांचा खास सांगाडा असतो, म्हणून ते यश मी या चासीच्या खात्यात धरत नाही.

[दृश्य: इंग्लंड. डर्बीजवळचा कारखाना.]

सप्टेंबर २०२३ मध्ये डर्बीजवळच्या कारखान्यात एक प्रायोगिक हायलक्स दाखवली गेली. बॉनेटखाली डिझेल इंजिन नाही, त्या जागी हायड्रोजनपासून वीज बनवणारा संच. बॅटरी मागे, हौद्यात. आणि खाली चासीवर तीन टाक्या, प्रत्येकीत २.६ किलो हायड्रोजन. केबिन आणि हौद्याच्या मध्ये ती फट अजून आहे.