मृतदेहाच्या रक्तात अल्कोहोल सापडलं, म्हणजे माणूस प्यायला होता का?

नमस्कार. अहवालात एक ओळ असते: रक्तात इथाइल अल्कोहोल 60 मिलिग्रॅम प्रति 100 मिली. मशीन बरोबर, आकडाही बरोबर. तरीसुद्धा त्या माणसाने थेंबभर घेतलेली नसू शकते.

मृत्यूनंतर आतड्यातले जंतू आणि यीस्ट शरीरभर पसरतात, ग्लुकोज आंबवतात आणि अल्कोहोल तयार करतात. गरम हवा, पाण्यात पडून राहिलेला देह, फाटलेलं आतडं, मधुमेह, यांत हे जास्त. बहुतेकदा आकडा 70 च्या आत राहतो. पण देह पार कुजलेला असेल तर 150 च्याही वर जातो. म्हणून 'इतक्याच्या वर म्हणजे प्यायलेलाच' अशी रेघ ओढता येत नाही.

निम्मा घोळ नमुना घेतानाच होतो. हृदयातलं रक्त पटकन मिळतं, पण जठरात दारू शिल्लक असेल तर ती मृत्यूनंतर झिरपत तिथपर्यंत पोचते. छातीच्या पोकळीत साठलेलं रक्त भरून घेणं तर सरळ चूकच. रक्त घ्यायचं मांडीच्या फिमोरल शिरेतून: शीर वरच्या बाजूला बांधा, मग सुईने ओढा. पाय दाबून रक्त पुढे ढकलू नका. त्वचा पुसायला स्पिरिट नको, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

बाटलीत सोडियम फ्लोराइड 1 ते 2 टक्के हवं, म्हणजे 10 मिली रक्ताला 100 ते 200 मिलिग्रॅम. साखर तपासायच्या राखाडी झाकणाच्या नळीत ते बरंच कमी असतं. जंतू थोपवायला पुरत नाही. बाटली जवळजवळ काठोकाठ भरा, घट्ट बंद करा आणि 4 अंशांवर ठेवा.

आता डोळा. बुबुळामागचा व्हिट्रियस द्रव बंद कप्प्यात असतो, जंतू तिथे उशिरा पोचतात. त्यात पाणी जास्त, म्हणून दारू अंगात पूर्ण भिनल्यावर तिथला आकडा रक्ताच्या साधारण 1.2 पट येतो. रक्तात 150, व्हिट्रियसमध्ये 180, लघवीत 195 असेल तर पिणं खरं, आणि शोषणही संपलेलं. रक्तात 150 आणि व्हिट्रियसमध्ये 100? मग बहुधा पिऊन फार वेळ झालेला नव्हता. रक्तात 60, बाकी दोन्हीकडे शून्य? ते अल्कोहोल मृत्यूनंतरचं धरा. मधुमेह्याच्या लघवीवर मात्र एकटीवर विसंबू नका. साखर आणि कँडिडा नावाचं यीस्ट मिळून मूत्राशयातच दारू गाळतात!

कुजण्याची आणखी एक खूण म्हणजे एन-प्रोपॅनॉल, कुजताना जंतू बनवतात ते दुसरं एक अल्कोहोल. गंमत अशी की काही प्रयोगशाळा गॅस क्रोमॅटोग्राफीत (अल्कोहोल मोजायच्या चाचणीत) तेच इंटर्नल स्टँडर्ड म्हणून, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक मापाने, टाकतात, मग नमुन्यातलं दिसणार कसं? तिथे टर्शरी ब्युटॅनॉल वापरा.

शंका उरलीच तर इथाइल ग्लुकुरोनाइड आणि इथाइल सल्फेट मागवा. जिवंत शरीराने दारू पचवायला घेतली की हे बनतात. पहिलं काही जंतू मोडून टाकतात, म्हणून जोडीने तपासा. आणि लघवीत ते पिण्यानंतर दोन-तीन दिवसही सापडतात, त्यामुळे त्यावरून 'मरताना नशेत होता' असं लिहू नका.

डोक्याला मार लागून माणूस काही तास जगला असेल तर रक्तातलं अल्कोहोल शून्यावर येऊ शकतं. अशा वेळी सबड्युरल गुठळी (कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली साकळलेलं रक्त) वेगळ्या बाटलीत, वेगळ्या लेबलने पाठवा. तिच्यात मार लागला त्या सुमाराची पातळी बरीचशी अडकून राहिलेली असते.